बोटातलं पाणी

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या औशाकडच्या गावाला वाटलं, आता पाणी येईल. पाणी आलं नाही, सरकारी जिपा मात्र वरचेवर यायला लागल्या. दुष्काळात अशाच एका जिपेतून नर्सबाई उतरली आणि शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसली. गरोदर बाया, लेकुरवाळ्या, बारकी पोरं, सगळ्यांचं रक्त तपासायचं होतं.

माझ्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमची रीत. तिचं माहेर हिमायतनगरकडं, म्हणजे नांदेडच्याही पलीकडं. तिला न्यायला भाऊ येणार होता. पोरगी तोंडानं काही बोलायची नाही, पण तिची पिशवी भरून खुंटीला टांगलेली असायची आणि येता-जाता ती पिशवीला हात लावून बघायची.

नर्सबाईची तपासणी सोपी होती. बोटाला सुई टोचायची, थेंब पांढऱ्या टिपकागदावर घ्यायचा आणि छापलेल्या लाल पट्ट्यांशी रंग ताडून बघायचा. गडद आला तर रक्त चांगलं, फिका आला तर कमी. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, यात काय अवघड हाय? लुगड्यावर खण जुळवतो तसंच हे. म्हणून सुनेला बसवून मी टेबलाजवळच उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं.

सुनेचं बोट टोचलं, पण रक्त येईना. मोहरीएवढा ठिपका आला आणि थांबला.

"हात खाली सोडा जरा," नर्सबाई म्हणाली. "आपोआप येईल."

थांबणं मला जन्मात जमलं नाही. घरी म्हैस होती. चारा नाही, पाणी नाही, तिचं दूध तांब्याच्या बुडाला लागेल तेवढंच. सडातला शेवटचा थेंबसुद्धा निपटून घ्यायची माझ्या हाताला सवय. मी सुनेचं बोट धरलं आणि वरून खाली धार काढल्यासारखं ओढलं.

"अहो मावशी, पिळू नका!"

"बाई, ह्या हातानं आटलेल्या म्हशींचं दूध काढलंय. तुम्ही कागद धरा."

थेंब आला, चांगला टपोरा. मागं रांग लागलेली, पोरं भोकाड पसरून राहिलेली. नर्सबाईनं तोच थेंब टिपला. कागदावर फिकट डाग पडला, पाण्यात धुतलेल्या कुंकवासारखा. तिचा चेहरा उतरला.

"रक्त फार कमी दिसतंय. हिला लांब पाठवू नका. लातूरच्या दवाखान्यात दाखवा. कदाचित रक्त चढवावं लागेल, बाळंतपणही तिथंच करा."

"म्हंजी माहेरी न्हाई?" सुनेनं एवढंच विचारलं.

नर्सबाई मला म्हणाली, "मावशी, तुमचंही बघू."

"माझं काय बघता? माझं रक्त लई दांडगं हाय."

घरी येताना गल्लीभर सांगत आले की आताच्या पोरी चहावर जगतात, त्यांच्यात रक्त कुठून येणार? सून मागून चालत होती. घरी आल्यावर तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि लुगडी पुन्हा पेटीत ठेवली.

मी तिला लातूरला नेलं. तिथं दंडाला रबर बांधून कोपराच्या शिरेतून रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "जरा कमी आहे, पण गोळ्यांनी भरून येईल. माहेरी जाऊ दे तिला. तिथल्या दवाखान्यात मात्र नाव घाला. गावात इतकं कमी कसं काय आलं? बोट पिळलं होतं का कुणी?"

मी पंख्याकडं बघायला लागले.

"हाव," सून म्हणाली. "आत्याबाईंनी धार काढली माझी."

डॉक्टरीणबाई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग सांगितलं, पहिला थेंब पुसायचा, पुढचा आपोआप येऊ द्यायचा. पिळलं की मांसातलं पाणी रक्तात उतरतं आणि रक्त पातळ दिसतं. म्हणजे गावच्या एकाही विहिरीत नव्हतं ते पाणी मी सुनेच्या बोटातून काढलं होतं.

एवढ्यावर सुटले असते. पण डॉक्टरीणबाईनं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि मलाही खुर्चीत बसवलं. माझं दांडगं रक्त सुनेपेक्षा कमी निघालं, गोळ्या मलाही मिळाल्या. पायऱ्या चढताना दम लागतो का, म्हणून विचारलं. लागायचाच. मला वाटायचं, पायऱ्याच उंच बांधल्यात.

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आत्याबाई, चहा कमी करा."

त्या पोरीला इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

भाऊ आला आणि ती निघाली. औशाच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत खिडकीजवळ बसली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "गोळी घेतली का?"

"हाव, घेतली."

"दावा तोंड."

गोळी पदराच्या गाठीतच होती. पाण्याची बाटली मी तिला वाटेसाठी दिलेली. कंडक्टरनं घंटी मारली तरी ती मान काढून बघतच होती. शेवटी मी गाठ सोडली आणि तिच्यादेखत गोळी कोरडीच गिळली.