दक्षिण ध्रुवाचं सरबत

"मामा, दक्षिण ध्रुव कुणी फोडला?"

मी असा ओरडलो, की पारनेरच्या बाजारातली गिऱ्हाइकं सौदा विसरली असतील. आमचे शिपाईमामा हातात बत्ता घेऊन शांत उभे. "मीच. साहेबास्नी सरबत नको व्हय?"

दुष्काळाचं साल, एप्रिल महिना. ऊन असं, की शाळेच्या पत्र्यावर बसलेला कावळा नाचतच उठायचा. मी भूगोलाचा कच्चा, म्हणजे तात्पुरता मास्तर. आज तपासणीचे साहेब माझा पाठ बघून मला कायम करणार होते. म्हणून नगरच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेला बर्फ पोत्यात घालून एसटीच्या टपावरून आणला. निघताना म्हशीएवढा होता, उतरवला तेव्हा रेडकाएवढा. वर्गात बर्फाच्या दोन पराती मांडल्या. उन्हातली उत्तरेची: तिकडे उन्हाळा लागतोय, बर्फ आक्रसतोय. सावलीतली दक्षिणेची: तिकडे हिवाळा येतोय, म्हणून पोत्यातले तुकडे घालत घालत बर्फ वाढवत न्यायचा. सहा महिन्यांनी सगळं उलट.

पोरांना हे तोंडपाठ झालं होतं. मामांना मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगून तरी काय? नगरहून बर्फ आणायचा तो परातीत ठेवून बघत बसायला, हे त्यांच्या सात पिढ्यांना पटलं नसतं. पाव्हणा उन्हातून येणार, त्याला थंड दिलं पाहिजे, संपला विषय!

"अहो, फोडायचाच होता तर उत्तरेचा फोडायचा! दक्षिणेला आता बर्फ वाढतो!"

"वाढतो ना? मंग वाढंल की."

पोत्यात हात घातला, तर नुसता ओला भुसा. सगळं सरबतात गेलेलं.

साहेब आले. ऑफिसात तीन पेले रिचवून, मिशा पुसत वर्गात शिरले. उत्तरेच्या परातीत पाणी. दक्षिणेच्या परातीत तेही नाही.

"गुरुजी, दक्षिणेचा बर्फ कुठाय?"

दारातून मामा म्हणाले, "तुमीच पिला की, साहेब."

वर्ग फुटला हसून. साहेब हसले नाहीत. "दिवाळीनंतर येतो. कायमचं तेव्हा बघू," एवढं बोलून जीपमध्ये बसले.

जीपची धूळ खाली बसायच्या आत मी मामांकडे धावलो. "मामा, तुमच्या सरबतापायी मी दिवाळीपर्यंत कच्चाच राहिलो!"

मामा राखेनं पेले घासत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग पुढच्या टायमाला दोन पोती आना."