निळ्या पडद्याचे दहा सेकंद

माझी थोरली बहीण विंझरला राहते. तिला आम्ही आक्का म्हणतो. घराला लागून, रस्त्याच्या कडेला दाजींचा एक गाळा आहे आणि त्यात आक्का लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. सातबारा, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, दाखले, ज्याला जे लागेल ते. मी भोरला एका कार्यालयात हिशेबाचं काम करतो. संगणक आणि आकडे म्हणजे एकच, असा आमच्या घरात समज आहे, त्यामुळे कुणाचंही मशीन अडलं की फोन मला येतो.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आक्काचा असाच फोन आला. "अरं, माझा लॅपटॉप म्हणतोय, मी म्हातारा झालो."

झालं होतं असं, की त्यातल्या प्रणालीचे अपडेट बंद झाले होते आणि नवी प्रणाली त्या लॅपटॉपवर बसत नव्हती. शिवाय तो इतका हळू चालायचा, की गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन, दोन घरच्या भानगडी ऐकून परत यायचं, तरी पान उघडलेलं नसायचं. अकरावीचे प्रवेश आता आमच्याकडेही ऑनलाइन झालेत. ते फॉर्म पुढच्या सोमवारी सुरू होणार होते. आक्काच्या वर्षभरातलं मोठं काम तेच.

इकडे एका कोंबडीवाल्याने दाजींकडे तो गाळा भाड्याने मागितला होता. चिकनचं दुकान टाकायचं म्हणत होता. सोमवारी सांगतो, असा दाजींनी त्याला शब्द दिला होता. आक्काला ते म्हणाले, "सोमवारी तुझं मशीन चाललं तर तुझं दुकान. न्हाई चाललं तर कोंबड्या." दाजी माणूस वाईट नाही. बंद मशीनपुढे हात बांधून बसलेली बायको त्यांना बघवत नव्हती. पण आक्काने अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर, घरात नुसतं बसायचं नाही म्हणून, हे दुकान टाकलं होतं. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून लोक "बाईंकडूनच भरायचा" म्हणून यायचे. ते सगळं कोंबड्यांच्या ताब्यात द्यायची तिची तयारी नव्हती.

मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन भोरला ये, लिनक्स नावाची दुसरी प्रणाली बसवून देतो. मी स्वतः बरीच वर्षं तेच वापरतो. फुकट मिळतं, जुन्या मशीनवर पळतं आणि कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरचे लोक मिळून ते लिहितात. माझा संगणक फारच जुना. त्यावर बसवताना मला कुणी काही विचारलं नव्हतं. आक्काचा लॅपटॉप मात्र त्यानंतरच्या काळातला होता आणि त्यात सिक्युअर बूट नावाचं कुलूप होतं.

हे कुलूप काय करतं ते मी तिला आमच्या ओट्यावर बसून समजावलं. बँकेत आपली नमुना सही असते, तशा या लॅपटॉपच्या पोटात काही सह्या आधीपासून ठेवलेल्या असतात. बटण दाबल्यावर, पडद्यावर काही दिसायच्याही आधी, मशीन बघतं की जो प्रोग्राम सुरू होऊ पाहतोय त्यावर ओळखीची सही आहे का. असेल तर आत, नसेल तर बाहेर. कुणी गुपचूप भलतंच काही घुसवू नये म्हणून ही व्यवस्था.

"मग तुझ्या फुकटवाल्यांची सही हाय का त्यात?"

"त्यांची नाही. सही त्या आधीच्या प्रणालीवाल्या मोठ्या कंपनीचीच. यांनी एका छोट्या प्रोग्रामवर तिची सही घेऊन ठेवलीय. तो आत गेला की बाकीच्यांची ओळख तो पटवतो."

"म्हंजे ज्याचं घर सोडलं, त्याचाच दाखला घेऊन दुसरीकडं राहायला जायचं व्हय?"

सगळ्यांच्या मालकीची वस्तू, आणि तिला दारातून आत यायला एका कंपनीची ओळख लागते, हे मलाही थोडं टोचतं. पण दार उघडतं, हेही खरं. त्या दिवशीही उघडलं. लिनक्स बसलं आणि लॅपटॉप असा चालू लागला, की आक्का म्हणाली, "हा माझाच हाय ना? बदलला न्हाईस ना?"

अडलं ते वायफायवर. त्या लॅपटॉपमधल्या वायफायला जो जोडप्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लागतो, तो जागच्या जागी मशीनवरच तयार होतो. त्यामुळे त्यावर ना कंपनीची सही, ना कुणाची. अशा वेळी मालकाने स्वतः सांगायचं असतं, की हा माझा माणूस आहे, याला आत घ्या. त्यासाठी मशीनने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. मी लॅपटॉप आक्काकडे फिरवला आणि तोंड भिंतीकडे केलं. लॅपटॉप तिचा, पासवर्ड तिचा. दुसऱ्याचा पासवर्ड माहीत असणं मला आवडत नाही, मग ती सख्खी बहीण का असेना.

"झालं. आता?"

"पुढच्या वेळी चालू करशील तेव्हा हाच विचारेल. तेवढा दे, की वायफाय सुरू."

तिची एसटी सुटायची वेळ झाली होती. तिने लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "काय विचारलं न्हाई बघ त्यानं. आन् वायफाय बी न्हाई."

"पासवर्ड विचारणारा निळा पडदा आला का?"

"न्हाई बाबा. मी हितंच हुते."

मोबाईलला केबल जोडून नेट घ्यायला सांगितलं. ते चाललं, पण केबल जराशी हलली की नेट जायचं आणि फॉर्म पहिल्यापासून भरावा लागायचा. असं करून प्रवेशाचे फॉर्म भरणं काही खरं नव्हतं. म्हणून संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी मी तिला फोनवरून एकेक इंग्रजी अक्षर सांगून 'याला आत घ्या' ही मागणी पुन्हा टाकायला लावली.

"आता स्पेस दे. म्हणजे मोकळी जागा सोड."

"मोकळी जागाच तर मागतोय तो कोंबडीवाला."

"आक्का, आधी टाईप कर."

तिने केलं, पासवर्ड ठेवला, लॅपटॉप बंद केला. सकाळी पुन्हा तेच. विचारलं नाही, निळा पडदा नाही, वायफाय नाही. मी सगळ्या सूचना पुन्हा वाचून काढल्या. प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं, की चालू होताना निळा पडदा येईल. आक्का ठामपणे सांगत होती, की ती समोर होती आणि तो आला नाही. आक्का खोटं बोलत नाही. म्हणून मी मशीनवर संशय घेतला.

तेवढ्यात दाजी नसरापूरच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याला विचारून आले. त्यांनी मला फोन लावला. "त्यो म्हनतोय, ते कुलूपच बंद करून टाका. दोन मिन्टाचं काम हाय."

"होतं तसं, दाजी. पुष्कळ लोक करतात."

"मग तुमचं काय अडलंय?"

अडलं होतं ते माझ्या मनात. स्वतःच्या संगणकावर मी कदाचित केलंही असतं. पण आक्काच्या लॅपटॉपमधून गावोगावच्या पोरांच्या गुणपत्रिका, आधार, बँकेची पासबुकं जातात. कुलूप काढल्याने उद्याच चोर येईल असं नाही, कदाचित कधीच येणार नाही. तरीपण लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या मशीनचं कुलूप, केवळ आपल्याला किल्ली फिरवता येत नाही म्हणून उचकटायचं, हे मला पटेना. मी म्हटलं, आक्काला विचारा, दुकान तिचं आहे.

मागून आक्काचा आवाज आला. "कुलूप काढून ठिवायचं असतं तर शटर कशाला बसीवलं? सोमवारी तूच ये हिकडं."

रविवारी संध्याकाळी तिने तिसऱ्यांदा ती मागणी टाकून ठेवली. सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, मोटरसायकलवर कापूरहोळला महामार्गाला लागलो, कामथडी मागे टाकून नसरापूरला वेल्ह्याच्या रस्त्याला वळलो आणि आक्का शटर वर करत असतानाच विंझरला पोचलो.

"बस. बघ आता तुझ्या डोळ्यांनी," ती म्हणाली आणि लॅपटॉपचं बटण दाबलं.

बटण दाबलं आणि ती वळली. कोपऱ्यातल्या फळीवर बुद्धांची छोटी मूर्ती आहे. तिच्यापुढे तिने मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटले आणि वंदना सुरू केली. आधी त्रिसरण, मग पंचशील. आमच्या घरात ही रोजचीच पद्धत. आक्काने मशीन तापायच्या वेळेचा त्यात चांगला उपयोग करून घेतला होता. आधी लॅपटॉप उघडेपर्यंत तिची वंदना आरामात व्हायची.

मी लॅपटॉपकडे बघत उभा होतो, इतक्यात एक गृहस्थ आत आले. हातात मोजायची टेप. हेच ते कोंबडीवाले. दाजी घरात चहा घेत होते, म्हणून हे तोवर माप घ्यायला आलेले. आक्काचे मिटलेले डोळे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"हितं फ्रीज बसंल. तिकडं कापायचा ओटा," ते कुजबुजले आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "पाव्हणं, जरा धरा की भिंतीला."

भिडस्तपणाने मी धरलं. बहिणीचं दुकान उठवायच्या कामात मी असा सामील झालो, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपचा पडदा निळा झाला. कोणतंही बटण दाबा, असं लिहिलेलं, आणि खाली आकडे उतरत होते. दहा, नऊ, आठ.

मी टेप सोडली. ती सर्रकन मागे जाऊन त्यांच्या बोटावर आपटली. मी उडी मारून स्पेसचं बटण दाबलं. आकडे थांबले.

"काय हो? फुटनार हुतं का काय?" बोट चोळत ते हळूच म्हणाले.

आता पडदा थांबायला तयार होता, म्हणून मीही थांबलो. आक्काने पंचशील पूर्ण केलं, डोळे उघडले आणि वळली.

"हे निळं काय?"

"तू पाठ फिरवलीस की रोज हेच येऊन विचारत होतं. दहा सेकंद वाट बघतं. कुणी बटण दाबलं नाही, तर मालक हजर नाही असं धरून मागणी रद्द करतं आणि पुढं जातं."

"दहा सेकंद? दारात पाव्हणा आला तर पाण्याचा तांब्या भरून आणेस्तवर तरी थांबतो की."

तिला पाहुण्याचा राग आला होता, मला मात्र बरं वाटत होतं. मालक स्वतः मशीनसमोर आहे, हे बघितल्याशिवाय ते ऐकत नव्हतं. खरेदीखताला विकणाऱ्याने कार्यालयात जातीने हजर राहून अंगठा द्यावा लागतो, तसंच हे. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला हे बटण दाबता येणार नाही. आणि त्या सगळ्या मोठ्या सह्यांमध्ये विंझरच्या आक्काच्या सहीलाही एक जागा ठेवलेली होती. फक्त ती मागायची रीत भलतीच घाईची होती.

मी भिंतीकडे तोंड केलं. कोंबडीवाल्यांनीही केलं, का ते न कळताच. आक्काने 'होय' निवडलं, पासवर्ड टाकला, लॅपटॉप पुन्हा चालू झाला. या वेळी ती समोरून हलली नाही. कोपऱ्यात खाली वायफायची खूण आली. तिने घरच्या वायफायचं नाव निवडलं आणि प्रवेशाचं पान उघडलं.

तेवढ्यात दाजी आले. त्यांनी टेप बघितली, माझ्याकडे बघितलं, मग आक्काकडे.

"नेट आलं का?"

"आलं."

"केबल न लावता?"

"बघा की हितं येऊन."

दाजींनी वाकून बघितलं. लॅपटॉपच्या दोन्ही बाजू तपासल्या, मोबाईल आक्काच्या हातातच असल्याची खात्री केली आणि कोंबडीवाल्यांकडे वळले. "गुंडाळा टेप. गाळा रिकामा न्हाई."

"आवो पन माप बी घेतलं म्या."

"आमचा शब्द सोमवारचा हुता. सोमवारीच सांगितलं."

त्या गृहस्थांनी टेप गुंडाळली. बाहेर एक बाई मुलीला घेऊन रिक्षातून उतरत होती, मुलीच्या हातात दहावीच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. त्यांच्याकडे बघून कोंबडीवाल्यांच्या लक्षात आलं असावं, की आता मागे राहिलो तर नंबर लागणार नाही. ते चटकन खुर्ची ओढून आक्कासमोर बसले.

"बाई, दुकान तर म्या टाकनारच हाय, फाट्यावर बघतो जागा. त्याच्या परवान्याचा फॉर्म तुमीच भरता न्हवं?"

"भरते की," आक्का म्हणाली. "आधार, फोटो, जागेचं कागद आणलंय?"

त्यांच्याकडे टेपशिवाय काही नव्हतं.

"मग उठा. त्या पोरीला बसू द्या आधी. आन् कागद घिऊन दुपारी या."