गुरुजींच्या खाटेची घंटी

जुन्या सायकलींच्या घंट्या जमवणारा माणूस सभ्य दिसतो, पण असतो चोरच. मी स्वतःवरून सांगतो. अकोल्याच्या माझ्या घरात कपाटभर घंट्या आहेत. आमची रीत अशी, की हवी ती वस्तू कधी मागायची नाही. डायनामोचं कौतुक करायचं, जुना दिवा मागायचा आणि निघता निघता म्हणायचं, "घंटी फार जुनाट झाली, नवी बसवून देऊ?" लोक वरून चहा पाजतात.

बाळापूरला एका निवृत्त गुरुजींकडे मी हेच केलं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेलेली. सायकल भंगारात गेली होती, पण तिची पितळी घंटी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, खाटेच्या दांडीला आवळून बसवली होती. डाव्या अंगठ्यानं वाजवली की काकू स्वयंपाकघरातून यायच्या. काय तिचा जाड, घुमणारा आवाज! माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

"द्या बापा नवी बसवून," काकू म्हणाल्या. "दिवा मी शोधून ठेवतो, पुढल्या खेपेले न्या."

गुरुजी नको नको म्हणून मान हलवत होते. मी ते पाहिलं आणि पाना फिरवत राहिलो.

महिन्याभरानं दिवा न्यायला गेलो. काकू खाटेकडे पाठ करून भाजी निवडत होत्या. चार हातांवर गुरुजी नवी घंटी सारखी वाजवत होते, बारीक, किणकिणती. काकूंनी मान वर केली नाही. मी ओरडून हाक मारली तेव्हा वळल्या.

"पाहा ना जी, नवी घंटी बसवली तवापासून हे मले बोलावतच नाईत. काहून रुसले असतीन? चादर ओली करतात, पण घंटी नाई वाजवत. मीबी मंग रागानं एक दिवस जेवाले नाई देल्लं."

मला लगेच समजलं. म्हातारपणी बारीक आवाज आधी ऐकू येईनासा होतो. पण ते सांगितलं असतं तर जुनी घंटी परत द्यावी लागली असती, आणि ती मी घासूनपुसून अमरावतीच्या प्रदर्शनासाठी काढून ठेवली होती.

"वय झालं की माणूस हट्टी होतो, काकू," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं. त्यांनी दिवा कागदात गुंडाळून दिला. गुरुजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा चालूच होता. फाटकापर्यंत ती घंटी मला स्पष्ट ऐकू येत होती.