यापुढे घरच्या मंडळींच्या भूमिकेत

आमच्या यांना स्मृतिभ्रंश झालाय, असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणते, हे मला विसरले. बाकीचं त्यांना बरंच आठवतं. झेंडूची रोपं किती अंतरावर लावायची, विहिरीला कोणत्या अंगाला खडक लागला, पंचवटीच्या फूलबाजारात कोणता व्यापारी काटा मारायचा, सगळं सांगतात. फक्त समोर बसलेली बाई कोण, ते त्यांना सांगता येत नाही. मला मावशी म्हणतात. मी त्यांच्याहून लहान आहे.

मावशी म्हटल्यानं माझं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते जेवणावरून. मखमलाबादच्या पुढं आमचा मळा आहे. तिथं कामाला असताना मी भाकरी घेऊन पोचेपर्यंत हा माणूस दुसऱ्या कुणाच्या डब्याला हात लावत नसे. शेजारच्या मळ्यातली बाई मला म्हणायची, "तुझ्या हाताला गूळ लागलाय काय गं?" ती सवय यांच्या अंगात तशीच राहिली, मी तेवढी त्यातून गळाले. चहा कुणाच्याही हातचा घेतात, बिस्किट खातात. ताट समोर ठेवलं की म्हणतात, "राहू द्या मावशी. आमच्या घरची मंडळी येऊ द्या."

घरची मंडळी म्हणजे मी एकटी.

"मीच की हो ती," मी म्हणायची.

"काहीतरीच काय बोलता," ते म्हणायचे. "कुणी ऐकलं तर काय म्हणंल?"

असं करत माणूस वाळत गेला. सदऱ्यात दुसरा माणूस मावेल एवढी जागा झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीवर ठेवलेला माझा दीर मी पाहिला आहे. तो ती उपटायचा, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले होते. हात तसेच बांधलेले असताना तो गेला. यांचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. ओळखलं नाही तरी चालेल, चार घास पोटात जायला हवे होते.

माझ्या मुलीची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. तिनं तत्त्वज्ञान हा विषय घेतलाय. मी चौथी शिकलेली. मी तिला विचारलं, यात नोकरी कुठं लागते? ती म्हणाली, "कुठंच नाही आजी." खरं बोलली, म्हणून मी पुढं विचारलं नाही. त्या दिवसांत तिला कॉलेजातून काम दिलं होतं, की टीव्हीवरची एक मालिका घ्यायची आणि तिच्यातून तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न काढून त्यावर लिहायचं. लिहिण्यासाठी तिच्या फोनमध्ये एआय आहे. ती बोलते, ते लिहितं. मग ती खोडते, परत बोलते.

आमच्या घरी मालिका एकच चालते, संध्याकाळची, मोठ्या सुनेची. नेमकी तेव्हाच त्यातली मोठी सून बदलली. आदल्या दिवशी देवघरात गेली ती एक, आणि दुसऱ्या दिवशी आरतीचं ताट घेऊन बाहेर आली ती दुसरीच. उंच, नाकही वेगळं. खाली पट्टी आली, यापुढे मोठ्या सुनेच्या भूमिकेत अमुक अमुक.

"ही कोण भवानी?" मी म्हटलं.

"मोठी सून," हे म्हणाले.

"ती नाय ही. तोंड बघा की जरा."

"तोंडाचं काय घेऊन बसलात, मावशी? सासू तिला तसंच टोचून बोलतेय. म्हणजे तीच."

नात टाळी वाजवून म्हणाली, "आजी, मिळाला प्रश्न!" तिनं फोनला सगळं सांगितलं. थोड्या वेळानं मला वाचून दाखवलं. माणूस तोच आहे हे कशावरून ठरतं, शरीरावरून, आठवणींवरून, की आजूबाजूचे त्याला तोच मानतात त्यावरून, असं त्यानं लिहिलं होतं. मराठी चांगलं होतं, शाळेच्या पुस्तकासारखं.

मी म्हटलं, "शरीर माझं तेच हाय. आठवणी शाबूत हायत. तुम्ही सगळे मला मीच मानता. मी तिन्हीत पास. मग यांना मी का दिसत नाय? विचार त्याला."

तिनं विचारलं. त्यानं भराभर लिहिलं. आधी माझं दुःख समजू शकतो म्हणालं. मग ओळख ही दोघांच्या मधे असते, एकाच्या हातात नसते, असं काहीतरी. शेवटी डॉक्टरांचा सल्ला घ्या. हा प्रश्न माणसांना फार पूर्वीपासून पडलाय, असंही होतं. पडला असेल. पण त्या माणसांना संध्याकाळी कुणाला भरवायचं नव्हतं.

यांच्या बोलण्यावर मी दोन दिवस विचार केला. तोंड बदललं तरी यांची हरकत नाही. पट्टी येते, घरातले तिला तसं वागवतात, की यांचं समाधान. मी बायको आहे म्हणून भांडत होते, तिथंच चुकत होतं. मी नातीला म्हटलं, "त्याला सांग, माझ्यासाठी तसली पट्टी लिही. बदली बाई आली म्हणून."

ती म्हणाली, "आजी, म्हणजे तू तुझ्याच जागी?"

"हो. जेवतील तरी."

त्यानं लिहिलेलं तिनं जाहिरातींच्या वेळी आवाज बंद करून, टीव्हीशेजारी उभं राहून वाचलं. त्यात माझं नाव घातलं होतं, लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं, रेशनकार्डावर आहे ते. "ही आव्हानात्मक भूमिका" असंही होतं. हे शांतपणे ऐकून म्हणाले, "या नावाची बाई आमच्या वस्तीत नाय. दुसरीकडं बघा."

बरोबरच होतं. ते नाव त्यांनी तांदळावर लिहिलं, पण तोंडानं कधी घेतलं नाही. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. मला "अगं" आणि लोकांपुढं "घरची मंडळी". यंत्राला हे कुठून कळणार? आणि नातीला नावानंच हाका मारायची सवय. मी तिला नाव आणि आव्हान दोन्ही खोडायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं वाचलं, "मळ्यात भाकरी घेऊन येणाऱ्या घरच्या मंडळींच्या भूमिकेत यापुढे या बाई असतील."

यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैल बघावा तसं.

"बरं," ते म्हणाले. "बसा. वाढा."

भाकरी, मेथीची भाजी, वरून ताकाची वाटी. सगळं खाल्लं. नात स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी म्हटलं, "रडतीस काय, ताक संपलंय, विरजण लाव."

त्यानंतर रोज पट्टी वाचावी लागे, कारण रोज मी नव्यानं कामावर येत होते. नात कॉलेजात असली तर माझ्या फोनमधून ऐकवायची सोय तिनं करून दिली. फोनमधली बाई स्पष्ट बोलते. हे तिचं ऐकतात. डॉक्टरांनी नळीचं पुढं ढकललं.

जेवता जेवता हे माझं काम तपासायचे.

"पहिलीची भाकरी पातळ असायची."

"माझे हात आता दुखत्यात."

"ती बोलायची कमी."

हे खोटं होतं. मी कधीच कमी बोललेली नाही. पण मी गप्प बसले, कारण घास चालू होता.

एकदा म्हणाले, "पहिली का गेली? काम झेपत नव्हतं का?"

"वय झालं तिचं."

"मग तुम्हाला कसं झेपायचं?"

नातीनं हेही फोनला विचारलं, पहिली कुठं गेली म्हणून सांगायचं? त्यानं बरीच उत्तरं दिली. कुठलंच चाललं नाही. मालिकेतसुद्धा हे कुणी सांगत नाही. नवी येते, ताट धरते, कथा पुढं जाते.

मग परवाचं. संध्याकाळी जेवताना यांनी अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवली, फडक्यात गुंडाळली आणि भिंतीच्या कडेला सरकवली. मी म्हटलं, "हे काय?"

"ती आली मळ्यातून तर भुकेली असंल. तुम्ही राग मानू नका बाई. तुमचं काम चांगलं हाय."

आवराआवर करताना ते फडकं माझ्या हाताला लागलं. अन्न टाकायची आमच्यात रीत नाही. शिवाय ज्या बाईसाठी ठेवली होती ती मीच. मी भाकरी खाल्ली आणि फडकं घडी करून तिथंच ठेवलं. डोक्यात दुसरं काही आलं नाही.

काय विसरायचं आणि काय लक्षात ठेवायचं, याचा यांना काही नेम नाही. सकाळी उठून त्यांनी भिंतीपाशी हात घातला, फडकं उलगडून पाहिलं. त्यांचं तोंड असं उजळलेलं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आली होती ती," ते मला म्हणाले. "मला का उठवलं नाय?"

दुपारी ताट ठेवलं. फोनवर पट्टी लावली. फोनमधली बाई बोलून गेली. यांनी मान हलवली. "हे जुनं झालं. ती परत आलीय. आता तिच्याच हातचं." ताट माझ्याकडं सरकवलं. संध्याकाळीही तेच. नातीनं स्वतः उभं राहून वाचलं, आवाज चढवून वाचला, पट्टी बदलून वाचली. "पोरी, तू जेवून घे," असं तिला म्हणाले.

आज दुपारी मी शेवटचं सुचलं ते केलं. डोक्याला पदर बांधला, भाकरीची पाटी घेतली, मागच्या दारानं शेवंतीच्या वाफ्यापर्यंत गेले आणि पुढच्या दारानं आत आले, पूर्वी मळ्यात जायची तशी, चपला वाजवत. गुडघे दुखत होते. हे दाराकडंच तोंड करून बसले होते. मला पाहून पुढं झुकले. मला वाटलं, जमलं.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही मळ्याकडनं आलात ना? ती दिसली का वाटेत?"

मी पाटी खाली ठेवली. "दिसली. येतेय. तोवर जेवून घ्या म्हणाली."

"हां," ते म्हणाले आणि परत दाराकडं बघू लागले. "येऊ द्या तिला."