बंदूक कुठल्या बोअरची घ्यावी

तमाम नागरिकांना, आणि त्यातही मारतहळ्ळी परिसरातल्या चोर-दरोडेखोरांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की नव्वदच्या दशकात, वर्षभराच्या अखंड चर्चेनंतर, आमच्या कुटुंबाने आणीबाणीच्या प्रसंगासाठी बारा बोअरची दुनळी बंदूक निवडली होती. निवड अंतिम आहे. तीनशे पंधराच्या रायफलीच्या समर्थकांनी आता हरकत घेऊ नये. तसेही त्यांतले बहुतेक वारले आहेत.

आता थोडं मागे जाऊन सांगते.

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, सगळा जन्म गावातल्या जुन्या, गजबजलेल्या पेठेत, कॉटनपेटेत, गेला. दोन खोल्या, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक. पलीकडच्या घरात कुणी कूस बदलली तरी आम्हाला कळायचं. आईला ते आवडायचं. अण्णांना मात्र आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती: अशी एक खिडकी, जिच्यातून माणूस दिसणार नाही. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मारतहळ्ळीच्या पुलापलीकडे, नाचणीच्या शेतांच्या मधोमध, चार खोल्यांचं घर बांधलं. हो, शेतांच्या मधोमध. आज तिथे सिग्नलला उभं राहून ज्यांचे केस पांढरे होतात त्यांना हे खोटं वाटेल, पण तेव्हा तिथे संध्याकाळी बेडकांशिवाय कुणी बोलत नसे.

वास्तुशांतीच्या दिवशी अण्णांनी आईला हाताला धरून त्या खिडकीशी नेलं. "बघ," ते म्हणाले, "कुणी दिसत नाही."

आईने पाहिलं. "तेच तर," ती म्हणाली.

पुढच्या काही महिन्यांत शेजारच्या शेतातली पंपाची मोटर चोरीला गेली. मग तळ्यापलीकडच्या एका घरातली भांडी गेली. आम्हाला फोन नव्हता, पोलीस ठाणं लांब होतं, आणि वीज पाहुण्यासारखी यायची. अण्णांनी कुत्रा आणला, तर तोही गेला. तो चोरीला गेला की चोरांना सामील झाला हे कळलं नाही. दसऱ्याला आईने आपट्याची पानं अण्णांच्या हातात ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "पुढच्या दसऱ्यापर्यंत या घरात जिवाच्या रक्षणाची काही सोय करा. नाहीतर मी परत पेठेत जाते. तुम्ही खिडकी घेऊन बसा."

आईशिवाय अण्णा राहणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे घर विकायचं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बंदूक घेऊ."

आणि आमचे रविवार सुरू झाले.

मंडळ चौघांचं. अध्यक्ष अण्णा. तज्ज्ञ म्हणून अण्णांचे मित्र, एक निवृत्त मेजर, इंदिरानगरहून स्कूटरवर येणारे. ते मूळचे कोडगूचे; तिकडच्या लोकांना बंदुकीसाठी लायसन्सची सूट असते आणि घराघरात बंदुकीची पूजा होते, त्यामुळे आमच्या दृष्टीने ते साक्षात कुलगुरू. ते बोलायचे कानडीत, मी आपलं मराठीत सांगते. तिसरे माझे मामा, आईचे धाकटे भाऊ, चिकपेटेत साड्यांचं दुकान. चौथी मी; तेव्हा चोविशीची, हातात कॉफीचा ट्रे, मताचा अधिकार अर्धा. आई मंडळात नव्हती. ती स्वयंपाकघरात मटणाच्या रश्शाशी असायची आणि तिथूनच कामकाज चालवायची.

"आधी सांगा, धोका कुठला?" मेजरांनी पहिल्याच रविवारी विचारलं. "धोका ठरल्याशिवाय हत्यार ठरत नाही."

अण्णा तयारीत होते. "चोर. साप. पिसाळलेलं कुत्रं. दंगल. आणि वीज जाणे."

"वीज गेली तर गोळी कुणाला घालणार?" आईने आतून विचारलं.

"बोर्डाच्या इंजिनियरला," मामा म्हणाले. "दाजी, माझं ऐका. तीनशे पंधरा घ्या. रायफल. आपले पूर्वज तलवारी घेऊन या गावात आले होते. काही मान आहे की नाही आपल्याला?"

"आणि तेव्हापासून साड्या विकतायत," आई.

मेजर हसले नाहीत. हत्यारांच्या बाबतीत ते हसत नसत. "रायफलची गोळी भिंतीतून आरपार जाते," ते म्हणाले. "चोराला लागली तर ठीक. नाही लागली, तर पुढच्या शेतातल्या म्हशीला लागेल. आणि म्हशीच्या मागे तिची मालकीण उभी असते."

अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना तिथे माणसं दिसली असावीत.

मग टू-टूची छोटी रायफल चर्चेला आली. धक्का कमी, आवाज कमी. "उत्तम," मेजर म्हणाले. "चोराला राग येईल." मग बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. मामांना ते फार आवडलं, कारण ते उशीखाली मावतं. मेजर म्हणाले, छोट्या हत्याराला मोठा सराव लागतो, दर आठवड्याला रेंजवर जावं लागेल. "तुमचे दाजी जातील? ते तर कोपऱ्यावर दूध आणायला जात नाहीत."

"जातो की," अण्णा म्हणाले.

"कधी?" आई.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या घरावरून विमानं उतरायची, अगदी खालून. चाकं मोजता यायची. विमान आलं की कुणाचंच काही ऐकू येत नसे, म्हणून सगळे जिथल्या तिथे थांबायचे. मामांचं बोट हवेत, मेजरांची कॉफी ओठांशी, अण्णांचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं. विमान गेलं की जो तो आपापल्या शब्दावरून पुढे. मी तेवढ्या वेळात त्यांच्याकडे बघून घ्यायची. इतकी स्थिर माणसं एरवी कुठे बघायला मिळतात? आता विमानतळ गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. आमच्या घराच्या जागी काचेची इमारत आहे, खाली बिर्याणीचं दुकान आहे, आणि वरून काहीच जात नाही. कधी बसमधून तिथून जाताना मी उगाच मान वर करते. आवाज व्हावा, आणि सगळं एकदा थांबावं.

असो. मंडळाचं काम.

बोअर म्हणजे काय, यावर आमचे दोन रविवार गेले. अण्णा इंजिनियर, त्यांना हे पटेना की बारा बोअरची नळी मोठी आणि सोळा बोअरची लहान. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे कुठलं शास्त्र? मेजरांनी समजावलं: एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा, त्यातली एक जिच्यात बरोबर बसते ती बारा बोअर. अण्णा कागदावर वर्तुळं काढत बसले. मामांनी हे शास्त्रच फेटाळून लावलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "एका उंड्याच्या बारा पोळ्या केल्या तर मोठ्या होतात, सोळा केल्या तर लहान," ती म्हणाली. "एवढ्यासाठी दोन आठवडे माझं मटण खाल्लंत?"

मेजर उठून उभे राहिले. खरोखर उभे राहिले. त्या दिवसापासून ते अण्णांना सोडून आईला समजावू लागले. त्यांचं मुख्य तत्त्व मला आजही पाठ आहे. "अक्का, लोक बंदूक निवडतात. चूक. काडतूस निवडायचं. इथून आमच्या मडिकेरीपर्यंत कुठल्याही बंदुकीच्या दुकानात जे हमखास मिळतं, ते. अडचणीच्या दिवसात काडतूस मिळालं नाही तर जगातली सगळ्यात भारी बंदूकसुद्धा नुसती काठी. स्वल्प महाग काठी." आणि सगळीकडे हमखास मिळायची ती बारा बोअरची काडतुसं. बारीक छर्ऱ्याची, मोठ्या छर्ऱ्याची, हवी तशी. शिवाय छर्रा फार लांब जात नाही. म्हैस सुरक्षित, मालकीण सुरक्षित.

मतदान झालं. बारा बोअर. मामा रुसले, पण रस्सा वाढल्यावर बारा बोअरच्या बाजूने आले.

आता लायसन्सचा अर्ज. अण्णा स्वतःचं नाव लिहायला बसले, तेवढ्यात मेजरांनी विचारलं, "दिवसभर घरात कोण असतं?"

निवृत्तीनंतर अण्णा पीण्या नावाच्या वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सल्लागार म्हणून जायचे. गावाच्या या टोकाहून त्या टोकाला, दोन बस बदलून. मी इंदिरानगरच्या ऑफिसात. घरात आई. आमच्या मंडळाने अख्खं जग बारीक तपासलं होतं, फक्त बंदूक धरणार कोण हे बघायचं राहिलं होतं.

अर्ज आईच्या नावाने गेला. पुढच्या रविवारी मेजरांनी स्वतःची बंदूक आणली. त्यांनी ती मधोमध उघडून आईच्या हातात दिली. "पहिला नियम. हातात आली की उघडायची. दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला पाहिजे. मी सांगितलं रिकामी आहे, तरी बघायचं. देवाने सांगितलं तरी बघायचं."

आईने एक डोळा मिटून नळीतून बघितलं, बराच वेळ. "नाचणी दिसतेय," ती म्हणाली. "छान आलीय यंदा."

मग बंदूक खांद्याला. मेजर म्हणाले, घट्ट धरा, सैल धरली तर लाथ मारते. "सरी, ठीक आहे," आई म्हणाली, "म्हणजे गाईसारखीच." तिला लाकडी दस्ता अगदी बरोबर बसला, जणू मापाने शिवलेला. अण्णांना तो आखूड होत होता. ते बाजूला उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता की हेवा, हे मला ठरवता आलं नाही.

आसपास बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे अजून छर्रासुद्धा आलेला नव्हता, पण वस्तीतले लोक आमच्या घराला 'बंदूकिन मने', बंदुकीचं घर, म्हणू लागले. बस स्टॉपवर एवढं विचारलं की कुणीही पोचवून द्यायचं. दूधवाली आता चहा घेतल्याशिवाय जाईना. शेतावरच्या बायका दुपारी आमच्या ओट्यावर टेकायच्या, बंदूक बघायला म्हणून, आणि भाताचं, नवऱ्याचं, गुडघ्याचं बोलून उठायच्या. आई त्यांना कढीपत्ता द्यायची, त्या तिला शेंगा द्यायच्या. मामी पेठेतून राहायला येऊ लागल्या. म्हणायच्या, इथे वारा लागतो. मी ऑफिसातून परत आले की आधी लांबून आमच्या ओट्यावरचा हशा ऐकू यायचा आणि मग घर दिसायचं.

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. दोन्ही बाजूंना नाचणी, आणि पुढे हशा.

दसरा जवळ आला तसे अण्णा अस्वस्थ झाले. लायसन्सचा पत्ता नव्हता. आई मुदतीबद्दल काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही याचीच त्यांना धास्ती. त्यांनी गुपचूप कॉटनपेटेतली भाड्याची खोली बघून ठेवली होती. मला सांगितलं आणि वर म्हणाले, "आईला बोलू नकोस." नंतर बराच वेळ खिडकीची कडी पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

शेवटी एका रविवारी ठाण्यावरून इन्स्पेक्टर चौकशीला आले. मंडळ पूर्ण हजर होतं. अण्णांनी आदल्या दिवसापासून आईची तयारी करून घेतली होती. "ते विचारतील, जिवाला धोका आहे का. तू म्हणायचं, हो, फार भीती वाटते. दोनदा म्हण. बाकी काही बोलू नकोस."

इन्स्पेक्टर सभ्य गृहस्थ होते. कॉफी घेतली, चार खोल्या बघितल्या, ओट्यावरून शेतं बघितली. मेजरांना सलाम केला. मग खुर्चीत बसून त्यांनी आईकडे वळून विचारलं, "अर्ज तुमच्या नावाचा आहे, अम्मा. लायसन्स कारण असल्याशिवाय देता येत नाही. खरं सांगा. इथे राहायला भीती वाटते का?"

अण्णांनी माझा हात धरला. ते असं कधी करत नसत. मामांनी आईकडे बघून मान हलवली: हो म्हण, हो म्हण. मेजर छताकडे बघत होते. विमान येईल तर बरं, असं मला वाटलं. आलं नाही.

आईने तोंड उघडलं, पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिने ओट्याकडे बघितलं, तिथे दूधवाली आणि दोघीतिघी जणी चौकशी बघायला येऊन बसल्या होत्या. मग अण्णांकडे. आणि ती भडाभडा बोलून गेली:

"भीती कसली हो साहेब? आता हे मला परत पेठेत नेतो म्हणाले, तर तेवढ्यापुरती द्या बंदूक."