पडद्यावरचे गाल

गेल्या माघातल्या एका रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, दौंडजवळच्या एका गावात मला आजारी ठरवण्यात आलं. मला कोणताही आजार नव्हता.

माझं वय तेव्हा सदतीस. शिरूरला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. बाजारभाव, अपघात आणि उपोषणं लिहितो. तोवर मला नऊ मुलींनी नकार दिला होता. आई नाही. घरात आप्पा आणि मी. आप्पा रात्री जेवताना माझ्या लग्नाबद्दल काही बोलत नाहीत, आणि ते जे बोलत नाहीत ते मला रोज ऐकू येतं.

दहावं स्थळ स्वातीचं होतं. औषधांच्या दुकानात नोकरी, वडील नाहीत, घरात शब्द मामांचा. माझा फोटो पाहून तिनं ‘प्रत्यक्ष बघू’ असं कळवलं. आजवरचा सर्वांत ठोस होकार हाच होता.

माझी थोरली बहीण कारेगावात पार्लर चालवते. तिचं प्रशिक्षण म्हणजे सिनेमे. पडद्यावर नायिका आली की ती चित्र थांबवते, भुवया आणि ओठ वहीत काढून घेते आणि पुढच्या मुहूर्तावर ते कंपनीत कामाला जाणाऱ्या एखाद्या नवरीच्या तोंडावर उतरवते. शनिवारी ती फोन घेऊन घरी आली. फोनवर रेशमी शर्टातला एक नायक थांबवलेला होता.

“ह्याचे गाल बघ,” ताई म्हणाली. “आन् तुझे बघ. पुरणपोळी!”

“तो हिरो आहे, ताई.”

“हिरो बिरो काय न्हाई. गालाखाली काळपट रंग, हाडावर जरा चमक. ब्रशनं घडवलाय त्याला! तीन तासांच्या पिच्चरमधी कुणाला कळतंय का?”

बातमी तपासून घेण्याची मला सवय आहे. मी एकच प्रश्न विचारला, “टिकेल ना?”

“पाण्यानंबी जायचं न्हाई!”

(तिनं दिलेल्या माहितीपैकी एवढीच पुढे खरी ठरली.)

रविवारी सकाळी तिनं मला पार्लरच्या गोल दिव्यासमोर बसवलं. तासाभरानं आरशात जबडा दिसू लागला. सदतीस वर्षांत तो पहिल्यांदाच दिसत होता. अंगात वांगी रंगाचा रेशमी शर्ट. मी दोन मिनिटं स्वतःकडे बघत राहिलो, हे नोंदवणं भाग आहे. तेवढ्यात आप्पा दारात आले.

“कुठं पडलास का रं?”

“फॅशन हाय, आप्पा,” ताई म्हणाली.

आप्पा गाडीत बसले आणि दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

न्हावऱ्याच्या पुढे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही पाऊण तास अडकलो. काचा खाली होत्या. धूळ चेहऱ्यावर बसली आणि तिथंच चिकटली. ताईनं चालत्या गाडीत दुरुस्ती हाती घेतली. प्रत्येक गतिरोधकाला गालाखालची सावली आणखी खोल गेली. ती सावली खोलीतल्या दिव्यासाठी होती. स्वातीच्या अंगणात लख्ख ऊन होतं.

मामा स्वागताला उठले आणि अर्ध्यात थांबले.

“या... बसा, बसा. उभं नका राहू तुम्ही.” मग हळूच, “झोप लागती का?”

“लागते.”

“जेवण जातं?”

“जातं.”

“खोकला?”

माझा घसा तेव्हाच कोरडा पडला आणि मी खोकलो. (हे टाळता आलं असतं.)

अंगणात अकरा माणसं होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्यासमोरची पोह्यांची बशी उचलली गेली आणि हळद घातलेलं दूध आलं. ताई काही बोलायला गेली. मी तिचा पाय दाबला. तरीही रीत म्हणून मामा म्हणाले, “पोरांना पाच मिन्टं बोलू द्या.”

आतल्या खोलीत स्वातीनं मला खिडकीजवळ उभं केलं आणि निरखून पाहिलं.

“शेड दोन नंबरनं गडद झालीय. आन् कडा मिसळल्याच न्हाईत. कुणी केलं?”

“बहिणीनं. सिनेमात बघून.”

ती हसली. माझ्याकडे बघून कुणी मुलगी हसल्याची ही पहिलीच वेळ.

“मीबी तसंच शिकले. त्यात काय! पण मामांना वाटतंय, तुम्हाला काहीतरी मोठं दुखणं हाय. सांगू का त्यांना, मेकअप हाय म्हणून?”

बाहेर अकरा माणसं बसली होती. त्यांत आप्पाही होते. दोनच बातम्या शक्य होत्या : मुलगा आजारी आहे, किंवा मुलगा तोंड रंगवून आला आहे.

“नका सांगू,” मी म्हणालो.

“मग तोंड धुऊन या. आपोआप कळंल.”

“पाण्यानं जात नाही.”

“खोबरेल हाय घरात. आणू?”

मी विचार करू लागलो. मी विचार करत असतानाच पाच मिनिटं संपली आणि मामांनी हाक मारली. स्वाती दारापर्यंत गेली, तिथं एकदा थांबली, मागं वळून पाहिलं. मी तेव्हाही विचारच करत होतो.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. “पोरगं गुणाचं हाय, आप्पा. पर आधी त्याची तब्येत बघा. लग्नं काय, व्हत्यात.”

आठवड्याभरात शिरूरमध्ये माझ्या प्रकृतीची चौकशी सुरू झाली. सरपंचांनी सफरचंदं पाठवली. संपादकांनी न मागता पंधरा दिवसांची रजा दिली. खुलासा करण्याची सोय नव्हती. खुलासा मूळ बातमीपेक्षा वाईट होता. आप्पा मला छातीच्या एक्स-रेसाठी घेऊन गेले आणि मी मुकाट्यानं श्वास रोखून उभा राहिलो. एक्स-रे स्वच्छ निघाला.

वैशाखात स्वातीचं लग्न पुण्यात नोकरी असलेल्या मुलाशी झालं. आम्हाला पत्रिका आली होती. आम्ही गेलो. मांडवात मामांनी मला ओळखलं, दोन्ही हातांनी दंड धरले आणि म्हणाले, “आता जरा तेज आलंय!”

मग त्यांनी मला पंगतीतून उठवून टेकायला पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं. माझ्यासाठी मऊ भात वेगळा शिजवून ठेवला होता. मी तो दोनदा मागून घेतला.