भोकरहून निघायचं होतं

मंगळवारी दुपारी भोकरला माझा भाऊ वारला. तो दुकानात होता. त्याने एका माणसाच्या हातात कागद दिला, खुर्चीवर बसला आणि उठला नाही. मला फोन आला तेव्हा मी नांदेडला ग्रंथालयात होते.

आम्ही चार भावंडं. ताई सगळ्यांत मोठी. तिला अर्धापूरला दिली, सासरी केळीचे मळे आहेत. दादा लातूरला असतो. एका डाळमिलमध्ये त्याने आयुष्यभर नोकरी केली, निवृत्त झाला, आणि अजूनही रोज सकाळी मिलमध्ये जाऊन बसतो. मी तिसरी, नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. धाकटा भोकरला आईवडिलांच्या घरातच राहिला. तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. सातबारा, अर्ज, गुणपत्रिका, जे येईल त्याची तो प्रत काढायचा आणि पुष्कळदा गिऱ्हाइकाने न मागता लॅमिनेशन करून द्यायचा. "कागद हाय, भिजला की गेला," असं त्याचं म्हणणं.

तो गेला तेव्हा आम्ही बेटावर जायच्या तयारीत होतो.

कल्पना त्याची. आई गेल्यावर आमचं भेटणं लग्नांपुरतं आणि मयतींपुरतं उरलं होतं. रविवारी सकाळी तो आम्हा तिघांना एकाच फोनवर जोडायचा. ते कसं करतात हे त्यालाच यायचं, आम्ही नुसते उचलायचो. अशाच एका रविवारी तो म्हणाला, "आपण चौघं बिनाकामाचं कधी भेटलो, सांगा बरं?"

दादा म्हणाला, "बिनाकामाचं भेटायला आपण काय पुढारी हाव का?"

"मी सांगतो ते ऐका. अंदमानला जाऊ. नवरे नकोत, बायका नकोत, पोरं नकोत. आपण चौघंच."

अंदमान हे ताईला फक्त शिक्षा म्हणून माहीत होतं. ती म्हणाली, "कामून रे, काय केलं आम्ही?"

त्याने नील नावाचं बेट निवडलं होतं. सरकारने त्याचं नाव बदललं आहे, पण बोटवाले जुन्याच नावाने हाक मारतात, असं त्याला दुकानात आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं. हैदराबादहून विमान, मग मोठ्या बोटीने बेट. बेट इतकं लहान की सकाळी रिक्षात बसलं तर संध्याकाळपर्यंत सगळं बघून होतं. एका टोकाला सूर्य उगवताना बघायचा, दुसऱ्या टोकाला मावळताना. मध्ये लोकांची शेतं आहेत, भाजीपाला होतो, केळीही होतात. हे शेवटचं त्याने खास ताईसाठी शोधून ठेवलं होतं.

"केळी कोणती? आपल्यासारखीच का?" ताईने लगेच विचारलं.

"तूच बघून सांग."

"अन् प्यायला पाणी मिळतं का तिथं? चारी बाजूंनी खारं म्हणतोस."

"मिळतं गं. माणसं राहतात तिथं."

"लातूरला पण माणसंच राहतात," ताई म्हणाली. यावर दादा फोनवर खूप वेळ हसत राहिला. रेल्वेने पाणी आलेल्या गावात त्याचं घर आहे. त्याच्याकडे आजही गच्चीवर गरजेपेक्षा जास्त टाक्या आहेत.

मी त्या दिवसांत ग्रंथालयात समुद्राविषयी जे काही मिळालं ते वाचलं. बेटावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, तिच्यापर्यंत फक्त ओहोटीला चालत जाता येतं. म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहून दिवस ठरवावा लागेल, असं मी एका रविवारी समजावून सांगितलं. आम्हाला पाण्याचं वर-खाली होणं माहीत होतं ते विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीचं. कुणी दरवाजा न उघडता रोज पाणी जातं आणि येतं, हे ताईला पटेना.

"ओहोटी म्हणजे पाणी जातं कुठं?"

"लातूरला येत न्हाई, एवढं नक्की," दादा म्हणाला.

पुढच्या खेपेला मी भोकरला गेले तेव्हा धाकट्याने माझ्या हातात नकाशा ठेवला. बेटाचा नकाशा त्याने रंगीत छापला होता. कमान, दोन्ही किनारे, बोटीचा धक्का, सगळ्यांवर पेनाने गोल केले होते, आणि वरून जाड लॅमिनेशन. असे चार नकाशे केले होते, प्रत्येकाला एक. दादाने त्याचा मिळाल्यावर तक्रार केली, "याची घडी पडत न्हाई. खिशात कसा घालू?"

"गळ्यात अडकव. हरवलास तर लोक आणून सोडतील."

एका गोष्टीवर मात्र तो हटून बसला होता. निघायचं भोकरहून. दादाला हे अजिबात मान्य नव्हतं. लातूरहून हैदराबादला सरळ गाडी आहे. ती सोडून त्याने नांदेडला यायचं, नांदेडहून भोकरला, आणि मग पुन्हा मागे येऊन हैदराबादची गाडी धरायची. मलाही त्यात अर्थ दिसत नव्हता. मी तसं म्हटलं.

धाकटा म्हणाला, "अक्का, आपण चौघं या घरातून एकदम कधी बाहेर पडलो? आठव."

मी आठवलं. लहानपणी घरी म्हैस होती. लग्न असो, जत्रा असो, मामाचं गाव असो, तिच्यासाठी एकाला मागे राहावं लागे. बहुतेक वेळा ताई राही. मग ताईचं लग्न झालं आणि दादा राहू लागला, मग मी. म्हैस विकली तोवर आम्ही चार गावांचे झालो होतो. चौघं एकत्र दाराबाहेर पडलो आहोत, आईने मागून कडी लावली आहे, असं एकदाही घडलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांत लहान म्हणून प्रत्येक वेळी ज्याला नेलं गेलं, त्याच्या ते लक्षात राहिलं होतं.

दादा म्हणाला, "बरं बाबा, येतो भोकरला. म्हैस पण घेऊ का संगं?"

दिवाळीनंतर जायचं ठरलं. तो पावसाळ्यातच गेला.

त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. तिघांना जोडायचं कसं हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि शिकून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही. ताई मला करायची, मी दादाला करायचे, दादा ताईला. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत एक-दोन दिवसांनी पोचायचं, आणि तोवर त्यातलं हसण्यासारखं काही उरलेलं नसायचं. हळूहळू फोनही कमी झाले. अंदमानचं नाव कुणी काढत नव्हतं. माझा नकाशा मी कपाटात पुस्तकांच्या मागे उभा करून ठेवला होता. आडवा ठेवला तर वाकतो.

वर्षश्राद्धाला आम्ही तिघं भोकरला जमलो. जेवणं झाली, बाहेरची माणसं गेली. मागच्या अंगणात आम्ही बसलो होतो. धाकट्याची बायको, आमची भावजय, हात पुसत आली. आता दुकान तीच चालवते. ती बसली आणि म्हणाली, "वर्ष झालं. आता तुम्ही जाऊन या. त्यांच्या मनात लई होतं."

 मग मी म्हटलं, "तू चल. चौथी तू."

"मी काय करू येऊन? दुकान कोण बघंल? अन् तुम्ही तिथं भांडणार. मी असले की गोड बोलाल. ते कशाला?"

तिने हे इतक्या सहज सांगितलं की पुन्हा आग्रह करण्यासारखं काही नव्हतं.

ताई म्हणाली, "मग न्हाई जमणार. तिघं मिळून निघत न्हाईत."

आमच्याकडे हे लहान मुलालाही माहीत असतं. तीन तिघाडा, काम बिघाडा. सोयरीक बघायला, गाडी घ्यायला, देवाला, तिघं म्हणून कुणी निघत नाही. निघावंच लागलं तर खिशात एक खडा टाकतात. तो चौथा. आमचे वडीलही टाकत. कामाहून परत आले की तो खडा अंगणात फेकून देत.

दादाही तेच आठवून म्हणाला, "त्यात काय एवढं? एक खडा घेऊ चौथा म्हणून." आणि त्याने बसल्या जागेवरून हात लांब करून तुळशीजवळचा एक लहान खडा उचललासुद्धा.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "माह्या भावाच्या जागी दगड नेतोस?"

दादा म्हणाला, "तसं न्हाई गं ताई."

"मग कसं?"

त्याने खडा होता तिथे ठेवला. नीट, आवाज न करता. भावजय उठून आत गेली, चहा टाकते म्हणाली.

मला वाटतं, त्या दुपारी बेट संपलं असं आम्हा तिघांनाही वाटलं. मला या समजुती कधी पटल्या नाहीत, पण ते तिथे सांगून उपयोग नव्हता. प्रश्न समजुतीचा नव्हता. ताई गेली नाही तर दादा आणि मी दोघंच जाणार नव्हतो, आणि बेटाला गेलो नाही तर आम्ही पुन्हा लग्नांत आणि मयतींत भेटणार होतो. आता त्या मयती आमच्यातल्याच असणार होत्या. हे तिघांनाही दिसत होतं.

परतताना ताई आणि मी एकाच बसमध्ये नांदेडपर्यंत होतो. ती खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "तिथली केळी आपल्यासारखी नसणार. खाऱ्या हवेत कशी येतील?" मी म्हटलं, येत असतील. नांदेडला ती उतरली आणि अर्धापूरच्या गाडीत बसली.

त्यानंतर दोन महिने गेले असतील. एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. मी बोलायला लागले तर फोनवर दादाचाही आवाज.

"दादा? तू कसा काय?"

"ताईनं जोडलं," दादा म्हणाला. "मला पण आत्ताच कळलं."

"नातीकडून शिकले," ताई म्हणाली. "लई सोपं हाय. उगंच त्याचं कौतुक करत होतो आपण. ऐका आता. तिघांनी मिळून निघू नये. बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाला.

"मिळून पोचू नये असं कुणी म्हटलंय का?"

ताईने पुढचंही सांगूनच टाकलं.

"मी न् ही नांदेडहून निघू. दोघी. तू लातूरहून निघ, एकटा. तुझी सरळ गाडी हाय म्हणत होतास ना? हैदराबादला विमानतळावर भेटू."

दादा म्हणाला, "पण तिथून पुढं तिघंच की आपण."

"विमानात काय आपण तिघंच बसणार हाव? शंभर माणसं असतात. बोटीत पण असतात. निघताना तिघं नसलो म्हंजे झालं."

दादा हसला. किती दिवसांनी ते ऐकलं. मग म्हणाला, "अगं, मग हे भोकरलाच का न्हाई सांगितलंस? आम्हाला उगंच बेजार केलंस."

 

"तवा मला जायचंच नव्हतं," ती म्हणाली.

 दादाने सरळ थंडीतल्या तारखा काढल्या. मी ओहोटीची वेळ बघते म्हटलं. ताईने पुन्हा पाण्याचं विचारलं, आणि दादाने सांगितलं की तो लातूरहून एक कॅन घेऊन येईल, कारण लातूरच्या माणसाने पाणी वाहून नेलं असं एकदा तरी व्हायला पाहिजे. ताई म्हणाली, "विमानात सोडत न्हाईत, येड्या." हे तिला कुणी सांगितलं ते तिने सांगितलं नाही. म्हणजे चौकशी आधीपासून चालू होती.

फोन ठेवल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ताई आणि दादा यांच्याही आली असणार, पण आम्ही ती बोललो नाही. ताईच्या तोडग्यात भोकर बसत नव्हतं. धाकट्याने ज्या एका गोष्टीचा हट्ट धरला होता तीच सोडून आम्ही त्याच्या बेटावर निघालो होतो. दुसरा मार्ग मी शोधून पाहिला. तिघांनी त्या दारातून बाहेर पडायचं तर खडा लागतो, आणि खडा चालणार नव्हता. चौघांनी पडायचं ते राहूनच गेलं.

तिकिटं काढून झाली आहेत. ताईने रबरी चपला घेतल्या आहेत आणि सवय व्हावी म्हणून ती त्या मळ्यात घालून हिंडते. मागच्या आठवड्यात कामासाठी भोकरला गेले होते, तेव्हा दुकानात डोकावले. समोर तहसीलच्या कामाचा दिवस होता, गर्दी होती. भावजयीने मला खूण करून स्टुलावर बसवलं आणि गिऱ्हाईक करत राहिली. काउंटरच्या काचेखाली, दरपत्रकाशेजारी, चौथा नकाशा होता.

"तिथं कधी ठेवलास?" मी विचारलं.

"पहिल्यापासून तिथंच हाय. त्यांनीच ठेवला," ती म्हणाली. "लोक विचारतात, कोणतं गाव म्हणून."

"मग काय सांगतेस?"

"सांगते, आमच्या नणंदा चालल्यात तिथं. दादा पण."

आता तीन नकाशे तीन गावांत आहेत. ते तीन वाटांनी नाही, दोन वाटांनी जातील आणि परत येतील. चौथा भोकरला काचेखाली आहे. लोक त्यावर अर्ज ठेवून सह्या करतात.